फ्लोरिडाची मासेमारी: गोडे पाणी, खारे पाणी आणि मधले मचूळ पाणी

फ्लोरिडात मासे धरायला जायचे ठरवले की पहिला प्रश्न परवान्याचा येतो, आणि परवाना घेताना राज्य सरकार पाण्याचे सरळ दोन भाग करते: गोडे आणि खारे. नकाशा समोर ठेवून पाहिले तर ही विभागणी फार दूर टिकत नाही. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचे आखात, मध्ये सपाट चुनखडकाचे द्वीपकल्प, त्यावर दहा एकरांहून मोठी सुमारे 7,700 तळी, आणि 1,350 मैलांच्या किनाऱ्यावर जागोजाग समुद्राला मिळणाऱ्या संथ नद्या, अशी या राज्याची रचना आहे. जमिनीला उतार जवळजवळ नसल्यामुळे भरतीचे पाणी नद्यांमधून खूप आतपर्यंत चढते, आणि त्याच्याबरोबर मासेही चढतात. काही वर्षे येथे गळ टाकल्यानंतर माझे मत असे बनले आहे की फ्लोरिडातील सर्वांत रंजक मासेमारी या दोन पाण्यांच्या सीमेवर आहे, आणि तळ्यातला बास किंवा खोल समुद्रातला स्नॅपर समजून घ्यायचा असला तरी सुरुवात या सीमेपासून करावी.

परवान्याचे आधी उरकून टाकतो. राज्यातील रहिवाशाला वर्षाचा परवाना 17 डॉलरना मिळतो. गोड्या पाण्याचा वेगळा, खाऱ्याचा वेगळा. बाहेरून येणाऱ्याला प्रत्येकी वर्षाला 47, सात दिवसांसाठी 30 आणि तीन दिवसांसाठी 17 डॉलर पडतात. सोळा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, आणि भाड्याच्या चार्टर बोटीवर गेल्यास कप्तानाच्या परवान्यात प्रवासी येतात. खाडीच्या तोंडाशी किंवा नदीच्या खालच्या अंगाला, जिथे दोन्ही प्रकारचे मासे गळाला लागू शकतात, तिथे दोन्ही परवाने जवळ ठेवावेत. माशांची लांबी, संख्या आणि हंगाम यांचे नियम भागागणिक वेगळे आहेत आणि वारंवार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाचे संकेतस्थळ पाहणे हा आळस करण्याचा विषय नाही.

गोड्या पाण्याबद्दल बोलताना ओकीचोबीपासून सुरुवात करावी लागते. या तळ्याचा विस्तार सुमारे 730 चौरस मैल आणि सरासरी खोली अवघी नऊ फूट. म्हणजे समोरचा काठ दिसत नाही, पण बहुतेक ठिकाणी तळ होडीपासून पाच-सहा हातांवर असतो. इतक्या उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, पाणवनस्पती माजतात, आणि त्या वनस्पतींच्या कडेला फ्लोरिडाचा मोठ्या तोंडाचा बास दबा धरून बसतो. हा बास उत्तरेकडच्या आपल्या भाऊबंदांपेक्षा मोठा होतो. राज्याचा विक्रम 1986 मधील 17.27 पौंडांचा आहे. 1959 मध्ये त्याचे बियाणे कॅलिफोर्नियाला नेण्यात आले, आणि पुढे तिथल्या तळ्यांनी जे अवाढव्य बास दिले त्यांचे मूळ इथले. अनुभवी वाटाडे अजूनही जिवंत गोल्डन शायनर या छोट्या माशाचे आमिष वापरतात. वनस्पतींच्या कडेपासून थोड्या अंतरावर शायनर सोडला, की तो स्वतःच घाबरून इकडेतिकडे धावू लागतो आणि पाण्यावरचा तरंगा थरथरतो. बास जवळ आल्याची सूचना त्या थरथरीतून मिळते. कृत्रिम आमिषांचे चाहते याला कमी प्रतीची विद्या मानतात. मला तो अहंकार वाटतो.

सध्याच्या नियमानुसार दिवसाला पाच बास ठेवता येतात आणि त्यांतला एकच 16 इंच किंवा त्याहून लांब असू शकतो. आठ पौंडांहून जड बास वजनकाट्यावर छायाचित्र काढून जिवंत सोडणाऱ्याला राज्य 2012 पासून एका योजनेत बक्षिसे देते, आणि त्या छायाचित्रांतून कोणत्या तळ्यात मोठे मासे आहेत याची आयती माहिती शास्त्रज्ञांना मिळते. सरकारी योजनांमध्ये इतकी शहाणी योजना मी क्वचित पाहिली आहे. 2020 मध्ये फेल्समीरजवळ जुन्या संत्र्या-लिंबांच्या जमिनीवर पाणी साठवून केलेले हेडवॉटर्स तळे उघडले, आणि फार थोड्या काळात ते मोठ्या बासांसाठी नावाजले. बासच्या मागे सगळे लागतात म्हणून हिवाळ्यातला क्रॅपी, ज्याला इथले जुने लोक ‘स्पेक’ म्हणतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पौर्णिमेच्या सुमारास वाळूत घरटी करणारे ब्लूगिल व शेलक्रॅकर हे छोटे मासे दुर्लक्षित राहतात. लहान मुलांना घेऊन जायचे असेल तर बासचा नाद सोडून यांच्या मागे लागावे.

ओकीचोबीतला मासा समजायला मात्र त्याच्या पाण्याचे राजकारण समजावे लागते. 1928 च्या चक्रीवादळात तळ्याचे पाणी दक्षिणेकडच्या वस्त्यांवर चालून गेले आणि किमान अडीच हजार माणसे मेली. त्यानंतर तळ्याभोवती सुमारे 143 मैलांचा बांध उभा राहिला, ज्याची अलीकडची दुरुस्ती 2023 मध्ये पूर्ण झाली. पूर्वी तळे भरले की पाणी दक्षिणेला गवताळ दलदलींतून, म्हणजे एव्हरग्लेड्समधून, हळूहळू फ्लोरिडा उपसागराकडे झिरपत असे. आता जादा पाणी पूर्वेला सेंट लूसी आणि पश्चिमेला कलूसाहाची या नद्यांच्या वाटांनी दोन्ही किनाऱ्यांवर सोडले जाते. त्यामुळे खाड्यांमध्ये कधी एकदम गोड पाण्याचा, खतांच्या अंशाचा आणि शेवाळाचा लोंढा येतो, आणि दक्षिणेला, जिथे ते पाणी हवे असते, तिथे खारटपणा वाढतो. 2015 मध्ये फ्लोरिडा उपसागरातले सागरी गवत मोठ्या प्रमाणावर मेले ते याच कोरडेपणात. तळ्याची पातळी उंच ठेवली तर बासची वनस्पती बुडून मरते, पाणी सोडून खाली आणली तर खाडीतल्या स्नूक माशाचे हाल होतात. गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे मासेमार एकमेकांशी भांडतात ते या एकाच बांधाच्या दरवाजांवरून.

उत्तरेकडून या तळ्यात येणाऱ्या किसिमी नदीची गोष्ट थोडी आशादायक आहे. 103 मैलांची वळणावळणांची ही नदी 1962 ते 1971 या काळात 56 मैलांच्या सरळ कालव्यात कोंबली गेली. पाणपक्षी गेले, मासे घटले, आणि चूक लक्षात आल्यावर कालव्याचा काही भाग बुजवून सुमारे 44 मैलांची जुनी वळणे परत वाहती करण्याचे काम 2021 मध्ये पूर्ण झाले. त्या परत वाहत्या झालेल्या पात्रात हळू होडी हाकत जाणे मला मोठ्या तळ्यावरच्या स्पर्धेपेक्षा आवडते.

मायामीच्या परिसरातले कालवे हे वेगळेच प्रकरण आहे. परदेशी माशांनी, विशेषतः आफ्रिकेतील ठिपकेदार तिलापियाने, हे कालवे भरून गेले, तेव्हा राज्याने 1984 मध्ये दक्षिण अमेरिकेतला पीकॉक बास मुद्दाम आणून सोडला. बाहेरचा मासा आवरायला दुसरा बाहेरचा मासा आणणे हा धोक्याचा उपाय असतो, पण इथे थंडी हे कुंपण ठरले: पाणी फार गार झाले की हा मासा मरतो, त्यामुळे तो दक्षिण फ्लोरिडाच्या बाहेर पसरू शकला नाही. चुनखडकात खोल खोदलेल्या कालव्यांत भूजल झिरपत असल्याने तिथे मात्र तो तगतो. पीकॉक दिवसाउजेडी शिकार करणारा आहे, म्हणून पहाटे उठण्याची गरज नाही. दुपारच्या उन्हात, घरांच्या मागच्या अंगणांना लागून, पुलाच्या सावलीत तो मिळतो. गाडी उभी करायला जागा आणि हातात हलका रॉड असला की पुरे.

आता सीमेवरच्या पाण्याकडे. सेंट जॉन्स नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे 310 मैल वाहते आणि एवढ्या लांबीत तिचा उतार तीस फुटांहूनही कमी आहे. जोराचा वारा आणि भरती एकत्र आली तर ती काही काळ उलटी वाहते. तिच्या मधल्या टप्प्यातल्या लेक जॉर्जमध्ये जमिनीखालून खारट झरे फुटतात, त्यामुळे समुद्रापासून इतक्या दूर निळे खेकडे मिळतात, बोयींचे थवे उड्या मारतात, आणि गोड्या पाण्यात कायमची वस्ती केलेले पाकट जातीचे मासेही तिथे सापडतात. एकाच सकाळी मोठ्या तोंडाचा बास आणि स्ट्राइप्ड बास एका जागी गळाला लागू शकतात. हिवाळ्यात जानेवारीपासून मार्चपर्यंत अमेरिकन शॅड अंडी घालायला समुद्रातून या नदीत चढतो. आपल्याकडे पावसाळ्यात नद्यांमध्ये चढणाऱ्या पाल्याच्याच कुळातला हा मासा; अंगात काटे तसेच असंख्य, आणि गळाला लागल्यावरचा जोर तसाच अंगापेक्षा मोठा. लहान चमकत्या आमिषावर, हलक्या तंगुसावर त्याला धरणे हा फ्लोरिडातला सर्वांत कमी गाजलेला आणि माझ्या मते सर्वांत सुरेख हंगाम आहे.

पश्चिम किनाऱ्यावर क्रिस्टल रिव्हरसारख्या छोट्या नद्या झऱ्यांपासून सुरू होतात आणि काही मैलांत आखाताला मिळतात. झऱ्याचे पाणी वर्षभर साधारण 22 अंश सेल्सिअस असते. थंडीची लाट आली की मॅनाटी नावाचे अवजड समुद्री सस्तन प्राणी या उबेत येऊन थांबतात, आणि त्यांच्यासारखाच थंडीला न सोसणारा स्नूकही येतो. जानेवारी 2010 च्या कडाक्याच्या थंडीत दक्षिण फ्लोरिडात स्नूक इतक्या संख्येने मेले की राज्याने त्यांची मासेमारी बंद केली, आणि आखाताच्या बाजूला ती बंदी काही वर्षे चालली.

स्नूक हा खाडीतला खरा मानाचा मासा. रायगडच्या खाडीत जिताडा धरलेल्या माणसाला त्याची वागणूक लगेच ओळखू येईल: तिवरांच्या मुळांत, पुलाच्या खांबाआड, वाहत्या पाण्याच्या कडेला तो थांबतो, ओहोटीबरोबर वाहून येणारी कोळंबी आणि छोटे मासे गट्ट करतो, आणि गळ लागताच थेट मुळांकडे धाव घेतो. जिताड्याप्रमाणेच तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून नियमाला खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे: अटलांटिकच्या बाजूला 28 ते 32 इंच आणि आखाताच्या बाजूला 28 ते 33 इंच लांबीचा एकच स्नूक ठेवता येतो, तोही हंगाम उघडा असेल तेव्हा. त्याहून मोठी ती अंडी देणारी मादी, तिला सोडायचे. त्याच्या गालाची कड ब्लेडसारखी धारदार असते, तेव्हा तंगुसाच्या टोकाला जाड लीडर, म्हणजे न तुटणारा जाड दोरा, लावल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

रेडफिश आणि ठिपकेदार सी-ट्राउट हे खाडीतले दुसरे दोन नेहमीचे मासे, आणि दोघेही आपल्या घोळ-ढोम्याच्या कुटुंबातले. रेडफिश पोटाचा स्नायू हलवून ढोलासारखा आवाज काढतो. उथळ पाण्यात डोके खाली घालून चिंबोऱ्या शोधताना त्याची शेपटी पाण्याबाहेर येते, आणि ती शेपटी पाहून, आवाज न करता, तिच्या पुढ्यात आमिष टाकणे यासाठी लोक पहाटेपासून होडीवर उभे राहतात. अटलांटिक किनाऱ्यावरची इंडियन रिव्हर लगून, म्हणजे समुद्रालगतची उथळ लांब खाडी, यासाठी जगप्रसिद्ध होती. 2011 पासून तिथे शेवाळाचे उद्रेक सुरू झाले, प्रकाश अडला, सागरी गवत गेले, आणि 2021 मध्ये राज्यभरात अकराशेच्या आसपास मॅनाटी मेले तेव्हा त्यामागचे एक मोठे कारण या लगूनमधली उपासमार होते. 2022 मध्ये तिथे रेडफिश घरी नेण्यावर बंदी आली. धरून सोडायला अजून मासा आहे, पण जुने लोक पूर्वीच्या गोष्टी सांगतात तेव्हा त्यांना अतिशयोक्तीचा दोष देता येत नाही.

किनाऱ्यावरच्या मासेमारीला आकार देणारा मोठा निर्णय 1994 चा. त्या वर्षी मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून गुरफटवणाऱ्या जाळ्यांवर बंदी घातली आणि ती 1995 च्या जुलैपासून लागू झाली. सी-ट्राउट आणि बोय यांना त्याचा फायदा झाला, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या जाळे ओढणाऱ्या कोर्टेझसारख्या गावांतल्या कुटुंबांचा धंदा त्याच निर्णयाने मोडला, हेही तितकेच खरे, आणि हौशी मासेमारांनी या बंदीचे गोडवे गाताना ते विसरू नये.

भरती-ओहोटीबाबत कोकणातून आलेल्या माणसाला येथे नव्याने शिकावे लागते. ईशान्येला फर्नांडिना परिसरात भरती-ओहोटीतला फरक सहा फुटांच्या आसपास असतो, आखाताच्या मधल्या किनाऱ्यावर तो दोन-तीन फुटांवर येतो, आणि वायव्येकडच्या पेन्साकोलाला बहुतेक दिवशी भरती एकदाच येते. उधाण आणि भांग यांचे आपले ज्ञान कामाला येते, पण तिथे वाऱ्याची दिशा चंद्राइतकीच पाहावी लागते, कारण हिवाळ्यातला उत्तरेचा वारा उथळ खाडी अक्षरशः रिकामी करतो आणि मासे उरलेल्या खड्ड्यांत गोळा होतात.

टार्पन या अवाढव्य माशाबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. रॉड आणि रिळावर टार्पन धरण्याचा खेळ 1885 मध्ये पुंटा रासाजवळ धरलेल्या माशापासून नावारूपाला आला, आणि आज मे-जूनमध्ये बोका ग्रँडच्या खोल खिंडीत हजारोंनी टार्पन जमतात. दीडशे पौंडांचा मासा तिथे नवलाचा नाही. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि ती वायुपिशवीतून श्वासासाठी वापरतो, म्हणून कमी प्राणवायूच्या, कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यातही त्याची पिल्ले वाढतात. किनाऱ्यालगतच्या डबक्यांत आणि नाल्यांत हातभर टार्पन मिळतो तो यामुळे. राज्यात टार्पन धरून सोडावाच लागतो. केवळ विक्रमासाठी खास टॅग घेऊन एखादा ठेवता येतो. 40 इंचांहून मोठा टार्पन पाण्याबाहेर काढण्यास मनाई आहे, त्यामुळे त्याला होडीत ओढून छायाचित्र काढणे बेकायदा आहे. बोका ग्रँडमध्ये तळाला वजन बांधलेले जिग, म्हणजे जड गळ, वापरून मासा तोंडाबाहेरून अडकवला जातो, असा वाद बराच काळ चालला आणि 2013 मध्ये ते साधन तिथे बंद झाले. मला हा निर्णय योग्य वाटतो. आमिष न खाता अडकलेला मासा हा पकडलेला मासा म्हणता येत नाही.

दक्षिणेच्या कीज बेटांवर खर्चाचे दोन टोकांचे पर्याय आहेत. इस्लामोराडाच्या उथळ, काचेसारख्या पाण्यात वाटाड्याबरोबर बोनफिश आणि पर्मिट हे मासे शोधणे हे श्रीमंती काम आहे, आणि 2013 पासून बोनफिश सोडूनच द्यावा लागतो. दुसरीकडे 1912 मध्ये की वेस्टपर्यंत पोहोचलेल्या आणि 1935 च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेल्या रेल्वेच्या जुन्या पुलांपैकी काहींवर आज कोणीही गळ टाकून बसू शकतो. पुलाखालच्या ओघात स्नॅपर, म्हणजे आपल्या तांबोशीची भावंडे, कोळंबीच्या तुकड्यावर चटकन येतात. फारसा पैसा नसलेल्या माणसाला पुरेसा आनंद देणारी ही जागा आहे.

वायव्येकडचा पट्टा मी कमी जाणतो आणि तिथल्या भर समुद्रातल्या सफरींचा मला फारसा सोसही नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. डेस्टिनजवळ खोल पाणी किनाऱ्याच्या बरेच जवळ येते, त्यामुळे रेड स्नॅपर आणि हेकरूंच्या जागा आवाक्यात असतात. पेन्साकोलाजवळ 2006 मध्ये ओरिस्कनी ही विमानवाहू नौका मुद्दाम बुडवून कृत्रिम खडक केला आहे. खोलातून वर ओढलेल्या माशाची वायुपिशवी फुगते आणि तो परत खाली जाऊ शकत नाही. त्याला वजनाने खाली सोडणारे साधन बरोबर असावे, आणि नैसर्गिक आमिषाला वर्तुळाकार गळच लावावा.

धरलेला मासा खायचा का, हा आपल्या लोकांचा पुढचा प्रश्न. एव्हरग्लेड्समधल्या आणि अनेक तळ्यांतल्या मोठ्या बासमध्ये पारा साचलेला असतो, आणि आरोग्य खाते पाण्यानुसार व जातीनुसार किती खावे याचे तक्ते प्रसिद्ध करते. गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी ते काटेकोर पाळावेत. आखातात लाल भरती आली, म्हणजे विशिष्ट विषारी सूक्ष्मशैवाल फोफावले, की किनाऱ्यावर मेलेले मासे लागतात आणि खोकला येतो. 2018 मध्ये ती इतकी लांबली की स्नूक आणि रेडफिश आखाती किनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यात सोडून देण्याचा आदेश निघाला. अशा वेळी त्या भागातली कालवे आणि शिंपले अजिबात खाऊ नयेत. सी-ट्राउट चवीला चांगला, पण मांस फार मऊ, त्याच दिवशी शिजवावा.

आणि सर्वांत चविष्ट मासा म्हणाल तर माझे मत बोयीला. शेवाळ आणि तळातला गाळ चाळून खाणारा हा मासा गळाला क्वचित लागतो, तो पाग फेकूनच धरायचा, आणि राज्यात हाताने फेकायच्या पागाला परवानगी आहे. अमेरिकन शेजारी त्याला स्नूक आणि टार्पनचे आमिष समजतात. आखाताच्या किनाऱ्यावरचे जुने कोळी मात्र लाकडाच्या धुरावर भाजून खातात, आणि शरद ऋतूच्या अखेरीस अंड्यांनी भरलेल्या माद्या समुद्राकडे निघाल्या की त्यांच्या गाबोळीला चांगला भाव येतो. झऱ्यांच्या गोड्या पाण्यापासून भर समुद्रापर्यंत बोय कुठेही दिसते, पण खाण्यासाठी धरताना तळ पाहावा: वाळूवरची घ्यावी, चिखलावरची तशीच सोडून द्यावी, कारण चिखलाचा वास कितीही चिंच लावली तरी जात नाही.